आपल्या पेठेचे कारभारी

महाडची पेठ कोणी वसविली असे विचारले तर बहुतेक जण सावित्री नदीकडे बोट दाखवतील, आणि ते खोटे नाही. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते व मचवे वर चढत. वरंध घाटाने भोरकडचे आणि पोलादपूरच्या वाटेने महाबळेश्वराकडचे बैल खाली उतरत. पाण्याची वाट आणि घाटाची वाट जेथे एकमेकींस भेटतात तेथे बाजार भरायचाच. मीठ, सुकी मासळी व नारळ वर जाई. गूळ, कांदा, लसूण, कडधान्य खाली येई.

परंतु नदीने माल आणला म्हणजे पेठ चालली असे होत नाही. कोणी कोठे बसावे, जकात किती द्यावी, माप खरे आहे की नाही, तंटा झाला तर तो कोणापुढे न्यावा, आणि एखाद्या संकटाने पेठ ओस पडली तर माणसांना पुन्हा कसे बोलवावे, हे ठरविण्यास कोणीतरी लागते. रोज पिशवी घेऊन आपण बाजारात जातो, पण या ठरविणाऱ्यांचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. त्यांचीच हकीकत येथे थोडक्यात लिहिते.

गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे पेठेला शेटे-महाजन असत. हे दोघेही वतनदार. शेट्याने पेठ वसवावी, व्यापारी-उदमी, तेली, तांबोळी, कासार, शिंपी यांना बोलावून आणावे, त्यांना घरांसाठी व दुकानांसाठी जागा नेमून द्यावी. महाजनाने हिशेब व व्यवहार पाहावा. पाटलाची निशाणी नांगर, तर शेट्याची तागडी. गोतसभेत एखाद्या कज्जाचा निवाडा झाला की त्या कागदावर नांगराशेजारी तागडीही उमटे. या कामाबद्दल शेटे-महाजनांना दर दुकानामागे काही हक्क मिळे. कोणाकडून मूठभर धान्य, कोणाकडून तेल, कोणाकडून पान-सुपारी, असे ते बहुधा जिनसांतच असे.

ओस पडलेली पेठ पुन्हा वसविण्याची त्या काळची रीत मला फार शहाणपणाची वाटते. सरकारातून कौल दिला जाई. कौल म्हणजे अभयाचा कागद. नव्याने येऊन दुकान घालणाऱ्यास काही वर्षे कर माफ, पुढे थोडा थोडा वाढत जाऊन मग पूर्ण. पुण्याच्या कित्येक पेठा अठराव्या शतकात याच रीतीने भरल्या. शुक्रवार पेठ वसविणारे जिवाजीपंत खासगीवाले यांचे नाव पुणेकर अजून घेतात. आधी माणूस बसू द्यावा, त्याचे बस्तान बसू द्यावे, मग त्याच्याकडे मागावे, असा तो क्रम होता.

आपल्या डोक्यावरच रायगड आहे. गडावरची बाजारपेठ आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. समोरासमोर दुकानांच्या दोन रांगा, उंच जोती आणि मधून रुंद रस्ता. घोड्यावरून न उतरता सौदा करता यावा म्हणून जोती उंच ठेवली, असे तेथील वाटाडे सांगतात. ते असो. राजधानीच्या गडावर एवढी सपाट जागा पेठेसाठी राखून ठेवली, हे मला जोत्यांच्या उंचीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाजी महाराजांचे १६७१ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले आहे. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातून, स्वस्त मीठ येऊ लागले तर संगमेश्वराकडचे आपले मीठ कोणी घेणार नाही, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर साहुकारांवर एक प्रकरणच आहे. व्यापाऱ्यांमुळे राज्यास शोभा येते, अडचणीच्या वेळी त्यांच्याकडून कर्ज मिळते, म्हणून त्यांना मानाने आणून पेठा वसवाव्यात, त्यांच्यावर जुलूम होऊ देऊ नये, असे त्यात सांगितले आहे.

हे सर्व वाचताना एक गोष्ट मात्र मनात राहते. शेटे वतनदार, महाजन वतनदार, सभेत बसणारेही वतनदारच. डोक्यावर टोपली घेऊन पहाटे डोंगर उतरून येणाऱ्या बाईला त्या सभेत जागा नव्हती. तिच्या टोपलीतली मूठ हक्क म्हणून जात असेल, पण तिने कोठे बसावे हे तिला विचारून कोणी ठरविले नाही.

इंग्रजी अमलात शेटे-महाजनांचा कारभार मागे पडला व एकोणिसाव्या शतकातच महाडला नगरपालिका आली. बाजार, दिवे, गटारे, तळी हे सारे तिच्याकडे गेले. आता कारभार कमिटीच्या ठरावाने चालू लागला. ठराव म्हणजे काय आणि काय नव्हे, हे साऱ्या देशाला आपल्याच गावाने दाखवून दिले.

चवदार तळ्याची हकीकत आपण दरवर्षी २० मार्चला ऐकतो. पण तिचा बाजाराशी किती जवळचा संबंध आहे हे क्वचितच बोलले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे की तालुक्यातील अस्पृश्य लोक महाडला येत ते सौदा घेण्यासाठी आणि गावकामगार म्हणून कचेरीतल्या कामासाठी. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला पाणी मिळावे असे सार्वजनिक ठिकाण एकच, ते म्हणजे चवदार तळे, आणि तेथे त्यांना मज्जाव. म्हणजे पेठेने त्यांचा पैसा घ्यावा आणि घोटभर पाणी देऊ नये! सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे त्या बाजूची होती. तरीही तीन वर्षे कोणी अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर अफवा उठवून परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्यांना आणि गावात पांगलेल्यांना मारहाण झाली, तीही याच रस्त्यांवर. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा गावातील दुकानदार माल देईनात. शिधा बाहेरून आणावा लागला, आणि मंडपासाठी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला व १९३७ च्या मार्चमध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पेठेच्या कमिटीचा एक ठराव खरा होण्यास तेरा वर्षे लागली. तोही कमिटीच्या हातून खरा झाला नाही. ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांनी मार खाल्ला व कोर्टाची पायरी चढली, तेव्हा झाला.

स्वातंत्र्यानंतर पेठेचे रूप पालटले. खाडी गाळाने भरत गेली, गलबतांची जागा मोटारींनी घेतली. मुंबई-गोवा रस्ता हाच नवा घाट आणि हेच नवे बंदर झाले. पुढे औद्योगिक वसाहत आली, कोकण रेल्वे वीरपर्यंत पोहोचली. पोलादपूर तर रस्त्यावरच वाढले. महाबळेश्वराकडे वळणारा आणि कशेडी चढून खाली कोकणात जाणारा, दोघेही तेथे चहाला थांबत. अशा रस्त्याच्या पेठेचे एक दुखणे असते. रस्ता रुंद करायचा ठरला, किंवा घाट टाळून बोगदा झाला, म्हणजे सर्वांत आधी हलते ती टपरी. दुकानाला सात-बारा असतो, भाडेचिठ्ठी असते. पाटी घेऊन बसणारीला काय असते? फार तर रोजच्या बाजारवसुलीची पावती, आणि ती संध्याकाळपर्यंत पदराच्या गाठीत चुरगळून जाते.

या पावतीचे मोल पहिल्याने ओळखले ते अहमदाबादच्या भाजीवाल्या बायकांनी. तेथील माणेकचौकात पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या बायकांना पोलीस हुसकावीत. श्रीमती इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापिलेल्या ‘सेवा’ या संघटनेने त्यांची बाजू घेतली व १९८० नंतरच्या दशकात ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या संघटनेनेही त्याच सुमारास दाद मागितली. १९८९ साली सोदानसिंग यांच्या खटल्यात, योग्य निर्बंध पाळून रस्त्यावर विक्री करणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे न्यायालयाने मान्य केले. एवढ्या खटपटीनंतर संसदेने कायदा केला आणि १ मे २०१४ पासून तो अमलात आला. त्याला पथविक्रेता कायदा म्हणतात.

या कायद्याची माहिती आपल्या भगिनींना असावी असे मला वाटते, म्हणून त्यातील कामाचा भाग सांगते. प्रत्येक नगरपालिकेत, म्हणजे महाडप्रमाणे पोलादपूरच्या नगरपंचायतीलाही लागू, एक नगर पथविक्रेता समिती असावी असे हा कायदा सांगतो. मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असले पाहिजेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. शिवाय स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे किमान दहा टक्के सभासद. व्यापारी संघ, बँका, पोलीस, आरोग्य खाते यांचेही लोक. बाजार कोठे भरावा, कोणत्या रस्त्यावर भरू नये, किती जण बसतील, याचा सल्ला या समितीने द्यायचा. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची मोजणी करायची. मोजणी पुरी होऊन दाखले मिळेपर्यंत कोणाला उठवायचे नाही. उठविणे भागच पडले तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी हातात द्यायची, आणि नासणारा माल त्याच दिवशी परत. हे शेवटचे कलम लिहिताना कोणीतरी मेथीच्या जुडीकडे पाहिले असावे.

शेट्या-महाजनांच्या सभेत जिला जागा नव्हती ती टोपलीवाली या समितीत कायद्यानेच बसली आहे. पण १९२४ चा ठराव आठवावा. कागदावर खुर्ची असणे आणि खुर्चीवर बसता येणे यांत अंतर असते. पावसाळ्याच्या आरंभी आपल्या दारी शेवळे, टाकळा, कुरडू घेऊन येणारी कातकरीण वर्षातून काही महिनेच बाजारात दिसते. एरवी ती लाकूडफाट्याला नाहीतर वीटभट्टीवर. मोजणीच्या दिवशी ती हजर नसली तर तिचे नाव कोण सांगणार? सुकटवाली, बांगडीवाली, सणापुरती आंब्याच्या डहाळ्या व केळीची पाने आणणारी, यांचे तसेच. मोजणी करणाऱ्याचा यात दोष नसेल, पण त्याला दिसते ते त्या दिवशी बसलेले माणूस.

यादीत नाव असणे म्हणजे काय ते २२ जुलै २०२१ ला कळले. त्या दिवशी सावित्री व गांधारीचे पाणी पेठेत शिरले. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनाही तो नवाच वाटला. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथे घरे गाडली गेली. पाणी ओसरल्यावर पेठेत गुडघाभर चिखल, भिजलेले धान्य, कुजका वास. धान्य, कापड, वह्या-पुस्तके सारे रस्त्यावर काढून टाकले होते. त्यानंतर सरकारने जी मदत जाहीर केली तीत दुकानदारास नुकसानीच्या पाऊणपट, पण कमाल ५०,००० रुपये, आणि टपरीवाल्यास त्याच हिशेबाने कमाल १०,००० रुपये असे ठरले. नोंद असलेल्यालाच ती मिळायची. जिची टपरीही नाही, नुसते गोणपाट अंथरलेले, तिचे काय वाहून गेले याचा पंचनामा कशावरून करणार? तराजू, वजने, दोन टोपल्या, उधारीचा हिशेब, आणि गिऱ्हाईकांची सवय. यातले शेवटचे सर्वांत महाग. महिनाभर एका जागी बसले नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. पेठ पुन्हा उभी करायची म्हणजे दुकानांना रंग द्यायचा एवढेच नव्हे, ज्या जागी लोकांचे पाय आपोआप वळतात ती जागा राखायची. जुन्या काळच्या कौलात हीच समज होती.

त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक कलम आहे, तिकडे अजून फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे पूर्वापार जेथे घेणारे-विकणारे आपोआप जमतात तेथे, विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करीत आले आहेत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा व तेथील विक्रेत्यांना दुसरीकडे हलवू नये, असे ते म्हणते. पन्नास वर्षे म्हणजे आपल्या सासूबाईंचा काळ. कोणत्या पाराशी कोण बसे, कोणत्या वारी कोणत्या गावची पाटी येई, मासळीचा बाजार कोणत्या बोळात भरे, कोणाची जागा पुढे तिच्या सुनेने चालविली, हे नगरपालिकेच्या दप्तरात सापडण्यापेक्षा आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी अधिक सापडेल. समितीपुढे मांडायचे झाले तर ते लिहून, तारीख घालून, सांगणारीची सही किंवा अंगठा घेऊन मांडावे लागेल. त्यासाठी मंडळाच्या कपाटात एक मोठी वही ठेवली आहे. दुपारच्या वेळी ज्यांना सवड असेल त्यांनी घरच्या म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन यावे. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास कोणी ना कोणी बसलेली असतेच.