चौकटीतली दोन अक्षरं

खांडेनवमीला पांढरकवड्याच्या आमच्या घरी पूजेत विळा, कुऱ्हाड आणि अलीकडे माझा लॅपटॉप असतो. यंदा टेक्सासच्या दादाने फॅमिली ग्रुपवर एका रिव्हॉल्व्हरचे फोटो टाकले. 'कोल्ट नेव्ही, मॉडेल १८५१. पुढच्या वर्षी आणतो, पूजेत ठेवू.' मोठेबाबा खूश. "सत्तावनच्या गोऱ्या साहेबाचं असन ते!" तसं अशक्य नव्हतं. कोल्टने १८५३मध्ये लंडनला कारखाना काढला होता आणि १८५७ला काही इंग्रज अधिकाऱ्यांकडे अशी रिव्हॉल्व्हरं होती.

रात्री दादाचा वेगळा मेसेज आला. नोकरी जाऊन चार महिने झालेत, याची किंमत काढून दे.

मी जवळून फोटो मागवले. सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र होतं. टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची ही १६ मे १८४३ची लढत. दादाला तोच पुरावा वाटत होता. पण नक्कल करणारेही ते चित्र हमखास उमटवतात. गंजाचंही तसंच, तो बाटलीतून आणता येतो.

नळीवर मात्र बारीक अक्षरं होती : 'ब्लॅक पावडर ओन्ली'. फक्त काळी दारू वापरा. आता, बिनधुराची दारू निघाली १८८४ला. १८५१ला काळ्या दारूशिवाय दुसरं होतंच काय, की कुणी अशी सूचना लिहील? कोडमधला बग सापडावा तसा आनंद झाला, आणि लगेच वाईटही वाटलं. शेजारी इटलीतल्या गार्दोने गावच्या चाचणी केंद्राचा शिक्का आणि छोट्या चौकटीत 'एडी'. इटलीत १९७५पासून चाचणीचं वर्ष अशा अक्षरांत ठोकतात. 'एए' म्हणजे १९७५, 'एडी' म्हणजे १९७८.

म्हणून ते भंगार ठरत नाही. नकलांचेही संग्राहक आहेत. ते आधी कंपनी बघतात. कोल्टने स्वतः सत्तरच्या दशकात पुन्हा काढलेली रिव्हॉल्व्हरं उबेर्तीसारख्या इटालियन नकलांपेक्षा महाग जातात. मग मूळ खोका, कागद, आणि बार काढलेत का. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. नळी लगेच धुतली नाही तर आतून खड्डे पडतात. दादाने ती धुतलीच नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, जुनं दिसावं म्हणून कुणीतरी पोलादावरचा निळा थर खरवडला होता. खऱ्याची किंमत हजारो डॉलर, चांगल्या नकलेची शेकड्यांत. या खरवडण्याने तीही घसरली. नवंच राहू दिलं असतं तर दादाला चार पैसे जास्त मिळाले असते.

आणायचा प्रश्नही मिटला. अमेरिकेचा १९६८चा कायदा आधुनिक काडतूस न घेणाऱ्या अशा नकलेला 'अँटिक' मानतो. आपला १९५९चा शस्त्र कायदा, कलम ४५, फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना सोडतो. हे तर उडतं. लायसन्सशिवाय नाहीच.

दादाला म्हटलं, जाहिरातीत १९७८ स्पष्ट लिही. त्याने लिहिलं. त्याला कुणी जुनं म्हणून विकलं होतं, तसं त्याला दुसऱ्याला विकता आलं असतं.

मोठेबाबांना इटलीचं सांगितलं. नोकरीचं अजून सांगितलेलं नाही.