लज्जागौरी : लाज कुणाची?

नाव ऐकून वाटतं, पदर सावरून मान खाली घालून बसलेली कुणी देवी असेल. प्रत्यक्षात लज्जागौरी विवस्त्र, उताणी, गुडघे दुमडून मांड्या फाकवलेली. बाळंत होणारी बाई असते तशी. मान खाली घालायला तिला मानच नाही! डोक्याच्या जागी उमललेलं कमळ.

मराठवाड्यात तेरला सातवाहनकाळातल्या तिच्या छोट्या मूर्ती सापडल्या. बदामीच्या संग्रहालयात सातव्या शतकातली मोठी, देखणी मूर्ती आहे. ज्या शिल्पकारांनी चालुक्यांची देवळं घडवली, त्याच परंपरेतलं हे काम. चोरून केलेलं नाही, देवळासाठी केलेलं.

संशोधकांनाही तिला काय म्हणावं हा प्रश्न पडला. हसमुख सांकलियांनी १९६० साली तिच्यावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात 'निर्लज्ज स्त्री' असे शब्द आहेत (अवतरणचिन्हात, हे खरं). म्हणजे एकीकडे 'लज्जा', दुसरीकडे 'निर्लज्ज'. गंमत बघा, दोन्ही शब्द आपलेच. तिला दोन्हींशी देणंघेणं नाही.

लोककथा सांगते की शंकर-पार्वतीच्या एकांतात भक्त आला आणि लाजेनं पार्वतीचं डोकंच गळून पडलं. मला वाटतं, मूर्ती आधीची आणि ही गोष्ट नंतरची. उघड्या देहाला लोकांनी मागाहून लाज शिवून दिली.

म्हणून 'आपल्याकडे पूर्वी सगळं मोकळं होतं' असं मात्र म्हणवत नाही. रेणुकेचं काय झालं आठवा. क्षणभर मन चळलं म्हणून जमदग्नींनी मुलाकरवी तिचं शिर उडवलं. रा. चिं. ढेऱ्यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या पुस्तकात या दोघींचं नातं उलगडून दाखवलंय. ते वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही : माहूरला रेणुकेचा फक्त मुखवटा पुजतात आणि इकडे शिर नसलेला देह. शिक्षा करणारी परंपरा आपलीच, आणि त्या देहाला देव्हाऱ्यात बसवणारीही आपलीच.

ऐहोळेजवळ सिद्धनकोळ्ळला आजही मूल व्हावं म्हणून बायका तिला पुजतात. अशा मूर्तींना तेल, लोणी, कुंकू लावतात, तेही अगदी योनीवर. त्या हातांना संकोच वाटत नाही. कारण तिथे त्यांना फक्त जन्माची वाट दिसते, जिथून आपण सगळेच आलो.

असो. लाज वाटलीच तर ती बघणाऱ्याची, देवीची नव्हे.