ग्रुनफेल्ड बचावाचा कोलकात्यातील पूर्वज : महेशचंद्र बॅनर्जी यांचा 1855 चा डाव

कोलकाता : आधुनिक बुद्धिबळातील प्रतिष्ठित ‘ग्रुनफेल्ड बचाव’ ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो 1922 मध्ये स्पर्धात्मक खेळात रूढ केला आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे अलेखाइन यांचा पराभव केला. मात्र हीच मांडणी त्यापूर्वी 67 वर्षे, 1855 मध्ये, कलकत्त्यात पटावर आली होती.

हा डाव स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन आणि बंगाली खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात झाला. तत्कालीन भारतीय पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकत असे. त्या संथ खेळात उंटाला बाजूच्या प्याद्यामागे बसवून लांब तिरप्या रेषेवर रोखण्याची पद्धत प्रचलित होती. युरोपीय नियमांनी खेळतानाही बॅनर्जी यांनी ती सोडली नाही.

काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी प्रथम घोडा बाहेर काढला, राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले आणि तिसऱ्याच खेळीत वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे नेऊन पांढऱ्याच्या मध्याला आव्हान दिले. प्रतिस्पर्ध्याला मध्यभागी प्यादी उभारू द्यायची आणि मग उंट, घोडा व बाजूच्या प्याद्याने त्यांच्यावर मारा करायचा, हेच या बचावाचे सूत्र आहे. बॅनर्जी यांनी पहिल्या अकरा खेळ्यांत नेमके तेच केले.

तरीही ते हरले. 18 व्या खेळीत कॉक्रेन यांच्या घोड्याने राजाजवळचे प्यादे टिपले आणि त्यावरील बॅनर्जी यांच्या उत्तरानंतर तीन खेळ्यांतील मात अटळ झाली : दुहेरी शह, वजिराचे बलिदान आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. पराभव मध्यडावातील डावपेचांमुळे झाला; सुरुवातीची कल्पना त्यामुळे खोटी ठरली नाही.

पुढे 1956 मध्ये 13 वर्षांच्या बॉबी फिशर यांनी डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध जिंकलेला ‘शतकातील डाव’ याच बचावाचा होता. कास्पारोव्ह यांनीही कार्पोव्ह यांच्याविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतींत त्याचा अवलंब केला.

आज वजिरापुढील प्याद्याला घोड्याने दिलेल्या उत्तरांचे अवघे कुटुंब ‘भारतीय बचाव’ म्हणून ओळखले जाते. कलकत्त्याच्या या खेळाडूचे ऋण त्या नावात उरले आहे. खुद्द बॅनर्जी यांचे नाव मात्र त्यातील एकाही प्रमुख बचावाला लाभलेले नाही.