किती एचपीचा घ्यायचा?

निफाड, दिंडोरी, तासगाव, पलूस. द्राक्षपट्ट्यातल्या कोणत्याही गावात ट्रॅक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती एचपीचा? 18 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवर अनेक हंगाम काढलेल्या बागायतदाराच्या घरात तर या प्रश्नावरून वाद झडतात. मुलाला 24 किंवा 28 एचपीचा 'फोर बाय फोर' हवा असतो. वडिलांचे म्हणणे, चालतोय त्याला काय धाड भरली आहे? दोघांनाही आपापल्या बाजूचे दाखले इतिहासात सापडतील. मात्र त्यासाठी ट्रॅक्टरच्याही मागे, बैलांपर्यंत जावे लागते.

दख्खनच्या काळ्या रानात ताकद बैलजोड्यांत मोजली जाई. हलक्या जमिनीत दोन बैलांवर भागे. हरळी माजलेल्या भारी रानात लाकडी नांगराला सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका दावणीला असणारे घर गावात एखादेच. म्हणून बाकीच्यांनी सावड केली, इर्जिक घातले. पेरणी-कोळपणीपुरती जोडी घरची आणि नांगरटीपुरती ताकद दहा घरांची, असा तो हिशेब होता. वर्षातून काही दिवस लागणाऱ्या ताकदीसाठी वर्षभर वैरण घालायची नाही, हे शहाणपण त्यात होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने या हिशेबाला पहिला धक्का दिला, पण सहज नव्हे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढे हाच नांगर महाराष्ट्रभर गेला.

याच सुमारास अमेरिकेत इंजिन शेतात उतरत होते. हेन्री फोर्डचा 'फोर्डसन' 1917 मध्ये बाजारात आला. तो स्वस्त होता, पण त्याच्यामागे नांगर नुसता ओढला जाई. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. त्यावर सरळ उपाय म्हणजे ट्रॅक्टर आणखी जड करणे. आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसनने वेगळी वाट धरली. त्याने अवजार तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडले आणि हायड्रॉलिकच्या ताब्यात दिले. त्यामुळे नांगराचा भार आणि मातीचा विरोध यांचा दाब मागच्या चाकांवर येऊ लागला आणि हलक्या यंत्राचीही पकड वाढली. 1938 मध्ये फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी लेखी करार न करता, नुसता हात मिळवून भागीदारी ठरवली आणि 1939 मध्ये 'फोर्ड 9एन' आला. किंमत 585 डॉलर, ताकद जेमतेम 23-24 एचपी, वजन हजार-अकराशे किलो. आजच्या भाषेत तो छोटाच ट्रॅक्टर. त्याने दोन फाळी नांगर ओढून दाखवला. पुढे ही दोस्ती तुटली आणि प्रकरण कोर्टात जाऊन 1952 मध्ये मिटले, पण तीन बिंदूंची ती जोडणी जगभर टिकली. गावातल्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर लटकतो तो त्याच जोडणीवर.

नंतर अमेरिकेतली शेते मोठी होत गेली आणि ट्रॅक्टरही फुगत गेले. खालची जागा मोकळी पडली. ती जपानने भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जमीनसुधारणा झाल्या, कुळे मालक झाली आणि भाताची खाचरे लहानच राहिली. अशा खाचरांसाठी आधी पॉवर टिलर आले, मग छोटे ट्रॅक्टर. कुबोटाने 1960 मध्ये पहिला ट्रॅक्टर काढला आणि 1969 मध्ये 21 एचपीचा 'एल 200' अमेरिकेत विकायला नेला. पाच-दहा एकर राखून नोकरी करणाऱ्या, थोडी जनावरे पाळणाऱ्या अमेरिकनांना तो नेमका हवा होता. मग फोर्डने जपानच्या शिबाऊराकडून आणि जॉन डिअरने तिथल्याच यान्मारकडून छोटे ट्रॅक्टर बनवून घेतले आणि आपापल्या रंगात विकले. आज अमेरिकेत 'मोठा घ्यावा का' ही चर्चा याच वर्गातल्या ट्रॅक्टरांभोवती फिरते. तिथे कारण बहुधा पुढच्या लोडरने किती वजन उचलायचे हे असते. इथे कारण वेगळे.

भारतात सुरुवात मोठ्या ट्रॅक्टरांपासून झाली. 1947 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेले अवजड ट्रॅक्टर कांस माजलेल्या पडीक जमिनी फोडायला वापरले. कारखाने आले ते पुढच्या काळात : 1959 मध्ये फरीदाबादला आयशर, 1963 मध्ये मुंबईत महिंद्राची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी. 1974 मध्ये दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत घडलेल्या आराखड्यावर पंजाब ट्रॅक्टर्सचा 'स्वराज' आला. 25 ते 35 एचपी हे भारतीय शेतकऱ्याचे नेहमीचे माप ठरले. नांगरट, मळणी, ट्रॉलीभर ऊस किंवा शेणखत, सगळे त्यावर भागे.

भागले नाही ते दोन ओळींच्या मधले काम.

मोठा ट्रॅक्टर पेरणीआधी आणि काढणीनंतर उपयोगी. पीक उभे असताना तो बांधावरच थांबणार. कोळपणीला, डवरणीला, बाळबांधणीला बैलच लागत आणि बैल तर कमी होत चालले होते. शेतीचे तुकडेही पडत होते. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. ही गरज कंपन्यांच्या आधी गावातल्या कारागिरांनी ओळखली. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 च्या सुमारास एनफिल्ड बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि अवजारांचा सांगाडा बसवला. दुष्काळात बैल पोसणे न परवडणाऱ्या सौराष्ट्रात ही 'बुलेट सांती' चालली. 2010 च्या सुमारास महिंद्राने 15 एचपीचा, एका सिलिंडरचा 'युवराज 215' आणला, तो याच गरजेवर.

द्राक्षपट्ट्यात मात्र छोटा ट्रॅक्टर त्याआधीच रुळला होता. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने 1967 पासून जपानच्या मित्सुबिशीच्या साह्याने पॉवर टिलर बनवले आणि पुढे 18.5 एचपीचा 'मित्सुबिशी शक्ती' काढला. जपानी खाचराच्या मापाचा हा ट्रॅक्टर मांडवाखालून जाई आणि दोन ओळींत मावे. त्याला खरे काम दिले फवारणीने. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरीशी बागायतदाराची रोजची झुंज असते. पाऊस किंवा धुके पडून गेले की काही तासांत औषध पानापर्यंत पोचले पाहिजे. एचटीपी पंपाच्या नळ्या ओढत माणसे एकरभर बाग संपवत, तोवर उशीर झालेला असे. मिनी ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरने हे काम फार लवकर उरकू लागले. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाच्या पावसाने बागांवर डाऊनीचा घाला पडला, तेव्हा वेळेवर फवारणी म्हणजे काय, हे साऱ्यांनीच पाहिले.

ब्लोअरच वाद घरात घेऊन आला. 600 लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच 600 किलो, म्हणजे मिनी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास. चिखलात, चढावर त्याची मागची चाके जागीच फिरतात. नेमका पाऊस झाला की फवारायचे आणि पाऊस झाला की ट्रॅक्टर अडकायचा, या कोंडीतून फोर बाय फोरची मागणी आली. 2017 मध्ये महिंद्राचा 24 एचपीचा, चारही चाकांना ताकद देणारा 'जिवो' आला. कुबोटा आणि जॉन डिअर यांचे अरुंद ट्रॅक्टरही बागांत फिरू लागले. महिंद्राने 2015 मध्ये मित्सुबिशीच्या कृषियंत्र कंपनीत 33 टक्के हिस्सा घेतला आणि तिच्या जोडीने घडवलेली 'ओजा' मालिका 2023 मध्ये आणली. म्हणजे छोट्या ट्रॅक्टरची जपानी विद्या दुसऱ्यांदा इकडे आली, ती या वेळी थोड्या मोठ्या मापात.

याच काळात शेतानेही आपले माप बदलले. पश्चिम महाराष्ट्रात पूर्वी तीन फुटांवर पडणारी उसाची सरी साडेचार-पाच फुटांवर गेली, ती हवा-उजेडासाठी, तशीच मिनी ट्रॅक्टरने भर लावता यावी म्हणूनही. नव्या द्राक्षबागा नऊ-दहा फुटांच्या ओळींत लागतात. जुन्या, दाट बागेत मात्र मोठा ट्रॅक्टर नेला की टायर ओलांड्याला आणि घडांना घासतात आणि ओल्या काळ्या मातीत मुळांवरचा थर घट्ट होतो.

त्यामुळे बाप-लेकाच्या वादात निकाल एचपीवर लागत नाही. बाग सपाट, ओळी जुन्या आणि ब्लोअर छोटा असेल तर 18 एचपीचा बदलायचे कारण नाही. वर्षातून एकदाची खोल नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घेणे म्हणजे इर्जिकाचाच आजचा हिशेब. बाग चढावर, रान भारी, टाकी 600 लिटरची आणि रोटाव्हेटरही घरचाच असेल तर मुलाचे म्हणणे खरे, आणि तिथेही जास्तीच्या एचपीपेक्षा पुढच्या चाकांची ताकद अधिक कामाला येते. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे शोरूमची पायरी चढण्याचा मोह वाढणारच. ती चढण्याआधी टेप घेऊन बागेत जावे, ओळीतली मोकळी जागा आणि बांधाकडे वळायची जागा मोजावी. शोरूममध्ये टायरसकट पूर्ण रुंदी, हायड्रॉलिक किती किलो उचलते आणि पीटीओवर किती एचपी मिळतात, हे तीन आकडे लिहून घ्यावेत. जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. ब्लोअरपर्यंत पोचतो तो त्याहून कमी.