मिलचा भोंगा आणि लोखंडे यांचा अर्ज

आपल्या मंडळातल्या सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना बिर्लानगरच्या जे. सी. मिलचा भोंगा अजून आठवतो. पाळी बदलली की तो व्हायचा. मिलशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा घरांतही त्यावर घड्याळ लावले जायचे. आपण लश्करची मराठी माणसे बहुतेक दरबारच्या नोकरीतली, शाळा-कचेऱ्यांतली, वकिलीतली, गाण्या-बजावण्यातली. भोंगा आपण ऐकला तो दुरूनच.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक काका राहत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. परगावी एका लहानशा कारखान्यात असताना ती पट्ट्यात गेली होती. आम्ही मुले विचारायचो तेव्हा ते हसून म्हणायचे, ‘‘माझंच लक्ष नव्हतं.’’ मालकाने तेच सांगितले होते आणि काकांनी ते जन्मभर खरे मानले. पट्ट्याभोवती जाळी होती की नाही, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मोठेपणी कामगार कायद्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की जवळजवळ सगळा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो : लक्ष कुणाचे नव्हते?

कापडगिरणीची जुनी रचना आधी डोळ्यांसमोर आणावी लागेल. सगळ्या गिरणीला एकच वाफेचे इंजिन. त्याच्या जोरावर छताखालून लांबलचक लोखंडी दांडा फिरतो आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरतात. एक यंत्र साफ करायचे म्हणून इंजिन थांबत नाही. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, मोकळे केस यांपैकी काहीही त्यात सापडू शकते. झाडलोट आणि तुटलेले धागे जोडणे ही कामे मुलांकडे असत, कारण लहान अंग यंत्राच्या फटीत शिरते.

१८७५ मध्ये मुंबईत या गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी अॅक्ट आला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे. मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादा नव्हती. या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता. मुंबईची स्वस्त मजुरी त्यांना खुपत होती. म्हणून आपल्याकडच्या अनेक देशी वृत्तपत्रांनी, पुण्याच्या ‘मराठा’नेसुद्धा, असल्या कायद्याला विरोध केला. देशी उद्योग बुडवायचा हा डाव आहे असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण यंत्रात सापडणाऱ्या हाताला देशी गिरणी आणि विलायती गिरणी यांत काय फरक?

हा प्रश्न ज्याने लावून धरला त्या माणसाचे नाव आपल्या घरांत व्हायला हवे तितके होत नाही. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे आतली बाजू त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधू’ चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज तयार केला. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. पहिली मागणी सगळ्यांना ठाऊक असते, कारण १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि तिचा लाभ आपण आजही घेतो.

मला मात्र पाचवी मागणी सगळ्यांत मोठी वाटते. कामावर असताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. लक्ष कुणाचे नव्हते हा वादच तिने बाजूला सारला. गिरणीच्या कामात हात गेला ना? मग भार गिरणीने उचलावा.

१८९० च्या फॅक्टरी आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंड्यांना घेतले होते. १८९१ च्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले, मुलांचे किमान वय नऊ केले, पन्नास माणसांच्या कारखान्यांनाही कक्षेत घेतले. पाचव्या मागणीला मात्र कुणी हात लावला नाही. १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता लोखंडे गेले. ती मागणी कायद्यात उतरली १९२३ मध्ये, वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्टच्या रूपाने. तो अंमलात आला १ जुलै १९२४ ला. अर्जानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

त्या कायद्याला एक परिशिष्ट होते. अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा २५ ने घटली असे धरायचे, तर्जनी गेली तर १०, इतर कुठलेही बोट गेले तर ५. वाचताना अंगावर काटा येतो, पण या कोष्टकामुळे पहिल्यांदा मालकाला ‘लक्ष नव्हतं’ एवढे म्हणून सुटता येईना. कामगारावरही कायद्याने काही बंधने घातली होती. तो दारू प्यालेला असेल, त्याने मुद्दाम नियम मोडला असेल किंवा जाणूनबुजून यंत्राचे कुंपण काढले असेल, तर भरपाई नाकारता येई. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा. दहाव्या तासाला थकून हात घसरणे त्यात बसत नाही. आमच्या काकांची बोटे त्यांना हे परिशिष्ट दाखवायला कुणी भेटले असते तर कदाचित हिशेबात धरली गेली असती.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे. १९२१ मध्ये, माधवराव महाराजांच्या राजवटीत, घनश्यामदास बिर्लांनी येथे जियाजीराव कॉटन मिल उभी केली. माधवराव हौशी आणि उद्योगी राजे. छोट्या आगगाडीपासून मेळ्यापर्यंत त्यांनी काय काय केले ते आपल्याला पाठ आहे. पण एक गोष्ट आपण क्वचितच बोलतो. ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे. फॅक्टरी अॅक्ट मुंबईचा आणि अहमदाबादचा. संस्थानांत दरबार जे ठरवेल ते. त्या काळात संस्थानांत गिरण्या निघाल्या त्यामागे जमीन, करसवलत, राजाश्रय ही कारणे होती, आणि कामाच्या तासांची बंधने सैल असणे हेही एक होते. १९२९ ते १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने सगळ्या हिंदुस्थानच्या कामगारांची पाहणी केली, ती संस्थाने वगळून. दरबाराशी जवळीक असलेल्या घरांतून आलो म्हणून हे लिहायला अवघड वाटू नये. गिरणीने शहराला पोटाला दिले हेही खरे आणि ती कुणाच्या नजरेखाली होती हा प्रश्नही खरा.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चोपन्न. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्याच काळात चोपन्नचे अठ्ठेचाळीस झाले. थकलेल्या माणसाचेच बोट जाते, तेव्हा हीसुद्धा सुरक्षेचीच बाब. मग आला १९४८ चा कारखाना कायदा, १ एप्रिल १९४९ पासून लागू. यंत्राचे कुंपण, चालत्या यंत्राजवळ फक्त शिकवलेल्या माणसाने घट्ट कपड्यांत जायचे, अडीचशे माणसांवर कँटीन, अपघाताची वर्दी निरीक्षकाकडे. कामगारानेही सुरक्षेच्या साधनांशी खेळायचे नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असे वागायचे नाही. आणि वर एक नाव : ‘ऑक्युपायर’, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अखेरचा ताबा आहे तो.

या शब्दाने पुढे फार गंमत केली. कंपन्या एखाद्या पगारी मॅनेजरचे नाव त्या रकान्यात लिहून मोकळ्या होत. खटला झाला तर मॅनेजर उभा राहायचा आणि पैशाचे निर्णय घेणारे संचालक घरी. आमच्या पिढीने ‘ग्वालियर सूटिंग’च्या जाहिरातीत पतौडींना पाहिले, पण कुठल्या कारखान्याचा ऑक्युपायर कोण हे कधी विचारले नाही.

ते विचारायला लावले भोपाळने. आपल्याच प्रदेशाची राजधानी. १९८१ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या लहानशा साप्ताहिकातून शहराला वारंवार सावध केले. कुणी मनावर घेतले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला. नंतर कंपनीने काय सांगितले? एका कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. म्हणजे पुन्हा तेच, आमच्या वाड्यातल्या मागच्या खोलीतले. बंद पडलेली शीतयंत्रणा आणि कमी केलेली माणसे यांचा निर्णय कोणा कामगाराने घेतला नव्हता.

१९८७ मध्ये कायदा बदलला. मालकाची सर्वसाधारण जबाबदारी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत लिहिली गेली. धोक्याच्या रसायनांची माहिती कामगाराला आणि आसपासच्या वस्तीला देणे बंधनकारक झाले. कंपनीचा ऑक्युपायर संचालकांपैकीच असला पाहिजे असे ठरले. उद्योगपती त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. भोपाळच्या खटल्यात मात्र २०१० मध्ये दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीन.

नव्वदच्या दशकात जे. सी. मिल बंद झाली आणि भोंगाही थांबला. ग्वाल्हेर-शिवपुरी पट्ट्यात दगडाचे काम अजून जोरात आहे. किल्ल्याचा मानमंदिर महाल ज्या वालुकाश्माचा आहे तसाच हा दगड. कोरडा फोडला की बारीक सिलिकाची धूळ उडते, फुप्फुसात बसते आणि काही वर्षांनी माणसाला चार पावले चालवत नाही. सिलिकोसिसवर उपाय नाही. पाणी मारून दगड फोडला तर धूळ बसते, एवढे साधे. भरपाई मागायची तर कुणाकडे काम केले हे दाखवावे लागते, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर बहुतेकदा नावच नसते. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येकाला नियुक्तिपत्र आणि ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांना मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आहे. कारखान्याची व्याख्या मात्र विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसांवरून वीसवर नेली आहे.

मागल्या वर्षी आपल्या गणपतीच्या मांडवावर दिव्यांच्या माळा चढवणारी दोन मुले होती. उंच बांबूची शिडी, अनवाणी पाय, दातांत वायर. हिशेब तपासताना ठेकेदाराची पावती हाती आली. तिच्यावर लिहिले होते, ‘लाइटवाले – २’. यंदा मी दोघांची नावे वहीत लिहून घेतली आहेत, आणि शिडी धरायला एक माणूस वेगळा द्यायचे कार्यकारिणीने ठरवले आहे.