श्रूजबरीची गोळी आणि तिच्यातील उपरे द्रव्य

औषधाच्या गोळीत प्रत्यक्ष गुणकारी द्रव्य पुष्कळदा फार थोडे असते. गोळीला आकारमान यावे म्हणून घातलेली दुग्धशर्करा, ती भुगा होऊन विखरू नये म्हणून मिसळलेले पिष्ट, साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेले मॅग्नेशियम स्टिअरेट आणि पातळ औषधांत तेल व पाणी एकजीव ठेवणारे पायसीकारक, ही सारी पूरक द्रव्ये औषधशास्त्रात निष्क्रिय मानली जातात. ही विभागणी पाठ्यपुस्तकात सुबक दिसते, पण ती किती कच्ची आहे याचा बोलका पुरावा मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर शहराला लागून असलेल्या श्रूजबरी या गावाच्या इतिहासात सापडतो.

ग्रेगरी पिंकस आणि हडसन होगलंड या दोन शास्त्रज्ञांनी 1944 मध्ये ‘वुस्टर फाउंडेशन फॉर एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी’ ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ती श्रूजबरीत आली. तेथे मिन-चुए चँग यांनी सशांवर प्रयोग करून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अंडोत्सर्ग, म्हणजे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया, थांबते हे पुन्हा पडताळून पाहिले. जून 1953 मध्ये संततिनियमन चळवळीच्या अग्रणी मार्गारेट सँगर आपल्या धनाढ्य सहकारी कॅथरीन मॅकॉर्मिक यांना घेऊन श्रूजबरीला आल्या आणि त्या भेटीनंतर गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाला पैशाची चणचण उरली नाही. मुंबईत 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडून आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून ज्यांनी याच विषयासाठी खटले आणि बहिष्कार सोसले, त्या रघुनाथ धोंडो कर्व्यांचे निधन त्याच वर्षी ऑक्टोबरात झाले. ज्या साधनामुळे हा प्रश्न स्त्रीच्या स्वतःच्या हाती येणार होता, ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

पोटात घेतलेले नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन फारसे टिकत नसल्याने सर्ल या कंपनीचे रसायनज्ञ फ्रँक कोल्टन यांनी तयार केलेले नॉरएथिनोड्रेल हे कृत्रिम संयुग निवडण्यात आले आणि बॉस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी 1954 पासून पन्नास स्त्रियांवर केलेल्या चाचण्यांत त्याचाही वापर झाला. त्या नॉरएथिनोड्रेलमध्ये मेस्ट्रानॉल हे इस्ट्रोजेन जातीचे दुसरे संप्रेरक चार ते सात टक्के मिसळलेले आहे, हे पुढे उघड झाले. मेस्ट्रानॉल हा नॉरएथिनोड्रेल तयार करताना मधल्या टप्प्यावर निर्माण होणारा पदार्थ होता आणि तो पूर्णपणे निघून न गेल्याने अशुद्धी म्हणून मागे राहिला होता. रसायनज्ञांच्या रीतीप्रमाणे ती अशुद्धी एक टक्क्याच्या खाली आणताच, दोन पाळ्यांच्या मधल्या काळात स्त्रियांना रक्तस्राव होऊ लागला. शुद्ध केलेले औषध अधिक वाईट ठरले होते. तेव्हा काढून टाकलेले मेस्ट्रानॉल मोजून परत घालण्याचा निर्णय झाला, आणि 1956 मध्ये प्वेर्तो रिकोत सुरू झालेल्या मोठ्या चाचणीतील गोळीत त्याचे प्रमाण 2.2 टक्के ठेवण्यात आले. बाजारात आलेल्या दहा मिलिग्रॅमच्या ‘एनोविड’मध्ये 9.85 मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल आणि 0.15 मिलिग्रॅम मेस्ट्रानॉल होते. आधी मळ मानलेले द्रव्य अशा रीतीने नावानिशी औषधाचा घटक बनले.

प्वेर्तो रिकोतील चाचणीचे काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी सतरा टक्के स्त्रियांना मळमळ, डोकेदुखी, चक्कर असे त्रास होत असल्याचे कळवले आणि इतके त्रास देणारी गोळी सरसकट वापरायला योग्य नाही असे स्पष्ट मत दिले. पिंकस यांनी त्या तक्रारी बऱ्याच अंशी मनाच्या मानल्या. ही या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट होय, कारण आपण एका प्रयोगाचा भाग आहोत याची नीट कल्पनाही त्या गरीब स्त्रियांना दिली गेली नव्हती.

एनोविडला 1957 मध्ये पाळीच्या विकारांसाठी आणि 1960 मध्ये गर्भनिरोधासाठी परवानगी मिळाली, ती अमेरिकेच्या 1938 च्या ज्या कायद्याखाली, तो कायदाही एका पूरक द्रव्याच्या दुर्घटनेतूनच जन्मला होता. सल्फानिलामाइड हे उपयुक्त औषध 1937 मध्ये डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवून विकले गेले, शंभरावर माणसे दगावली, आणि विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचे दाखवणे त्यानंतर सक्तीचे झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये चौदा रुग्णांचा बळी घेणाऱ्या ग्लिसरॉलमध्येही तेच विष मिसळलेले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. परंतु 1938 च्या कायद्यात सुरक्षिततेचा विचार थोड्या काळाच्या वापरापुरता होत असे. वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्या निरोगी स्त्रीचे काय होईल, हे तिथे तपासले गेले नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका इस्ट्रोजेनच्या मात्रेशी निगडित असल्याचे साठच्या दशकाअखेर स्पष्ट झाले आणि ब्रिटनमध्ये 1969 साली पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळण्याचा सल्ला देण्यात आला. एनोविडच्या पहिल्या गोळीत ते याच्या तिप्पट होते.

भारत सरकारतर्फे मोफत दिल्या जाणाऱ्या ‘माला-एन’ या गोळीत इस्ट्रोजेनचे प्रमाण केवळ 0.03 मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल या प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्याचे 0.15 मिलिग्रॅम आहे, म्हणजे गोळीचा उरलेला जवळजवळ सारा भाग पूरक द्रव्यांचा असतो. तिच्या पाकिटात अशा एकवीस गोळ्यांखेरीज सात तपकिरी गोळ्या असतात. गर्भनिरोधाच्या दृष्टीने त्या निष्क्रिय आहेत आणि रोजची सवय मोडू नये म्हणून दिल्या जातात. मात्र त्यांत लोहाचे फेरस फ्युमरेट हे संयुग भरलेले असते, आणि रक्तक्षयाने ग्रासलेल्या स्त्रीला पाकिटातील खरी पोषक मात्रा त्याच सात गोळ्यांतून मिळते.