ट्वीटर : प्रकार आणि त्यांच्या आवाजाची तुलना

लाउडस्पीकरमध्ये उंच कंप्रतेचे स्वर उमटवणारा छोटा घटक. साधारण 2,000 हर्ट्‌झपासून माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा मानल्या जाणाऱ्या 20,000 हर्ट्‌झपर्यंतचा पट्टा त्याच्याकडे असतो. टाळांची किणकिण, तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, गायकाच्या उच्चारातला सकार-शकार यांची धार ट्वीटरवर ठरते. रेशमाचा गोड, धातूचा कडक, रिबनचा मोकळा अशी त्याची ओळख रूढ आहे. या ओळखीत तथ्य आहे, पण थोडे. कानाला जाणवणारा फरक बहुतेक वेळा पटलाच्या द्रव्यापेक्षा आवाजाच्या पट्ट्यातील चढउतारांमुळे, आवाज खोलीत कसा पसरतो यामुळे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालच्या पट्ट्याच्या घटकाकडून ट्वीटरकडे आवाज सोपवण्याची कंप्रता, कुठे ठेवला आहे यामुळे पडतो.

कार्यतत्त्व : बहुतेक ट्वीटरमध्ये चुंबकाच्या फटीत बसवलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, पटलाला हलवते. जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेली रचनाच याच्या मुळाशी आहे. हवेतील ध्वनीची तरंगलांबी 2,000 हर्ट्‌झला सुमारे 17 सेंमी. असते, तर 20,000 हर्ट्‌झला फक्त 1.7 सेंमी. पटल तरंगलांबीच्या तुलनेत मोठे झाले की आवाज समोर एकवटतो आणि बाजूला बसलेल्यांना मंद ऐकू येतो. म्हणून ट्वीटर लहान हवा. फार लहान पटल मात्र पट्ट्याच्या खालच्या टोकाला पुरेशी हवा हलवू शकत नाही आणि ताण आला की आवाज फाटतो. प्रत्येक प्रकार हा पेच आपापल्या रीतीने सोडवतो.

शंकू : जुन्या रेडिओग्राममधले कागदी शंकूचे ट्वीटर. स्वस्त, आवाज समोर एकवटणारा.

घुमट : आज सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार. एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने 1958 मध्ये आणलेल्या एआर-3 या स्पीकरने घुमटाकार ट्वीटर घराघरांत नेला. साधारण 25 मिमी. व्यासाचा घुमट बाजूलाही बऱ्यापैकी आवाज देतो, त्यामुळे खोलीत जागा बदलली तरी स्वर फारसा पालटत नाही.

कापडी घुमट रेशमाचा किंवा कृत्रिम धाग्याचा असतो आणि त्यावर लेप दिलेला असतो. तो स्वतःचे कंप लवकर शोषून घेतो, म्हणून त्याची अनुस्पंदने बोथट असतात. धातूचा घुमट ऐकू येणाऱ्या जवळजवळ सगळ्या पट्ट्यात ताठ राहतो, पण एका ठरावीक कंप्रतेला त्याचा ताठपणा एकदम मोडतो आणि तिथे कंप्रतेनुसार पातळी दाखवणाऱ्या आलेखात तीक्ष्ण शिखर दिसते. 25 मिमी.च्या ॲल्युमिनियम घुमटात हे शिखर सहसा 25,000 हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे श्रवणमर्यादेपलीकडे असते. बेरिलियममध्ये ध्वनीचा वेग ॲल्युमिनियमच्या सुमारे अडीचपट असल्याने त्यात ते आणखी वर जाते, हिऱ्याच्या घुमटात त्याहूनही वर. बॉवर्स अँड विल्किन्सने 2005 मध्ये कृत्रिम हिऱ्याचे घुमट बाजारात आणले. श्रवणमर्यादेपलीकडचे शिखर कानाला जाणवते का, याबाबत मतभेद आहेत.

घुमटाच्या द्रव्यावरून आवाज ठरतो का, या संदर्भात एकाच कंपनीचे दोन स्पीकर बोलके आहेत. यामाहाच्या एनएस-1000एम (1974) या स्पीकरमध्ये मध्यम आणि उंच दोन्ही पट्ट्यांना बेरिलियमचे घुमट होते. रूढ समजुतीप्रमाणे तो कर्कश असायला हवा होता, पण स्वीडिश रेडिओने तो परीक्षणासाठी वापरला. त्याच कंपनीच्या एनएस-10 (1978) मध्ये 35 मिमी.चा मऊ घुमट होता. घरगुती श्रोत्यांनी त्याला फारसे उचलून धरले नाही. ध्वनिमुद्रण स्टुडिओंमध्ये मात्र तो मिश्रणाच्या टेबलावर जागोजागी दिसू लागला आणि त्याचा उंच स्वर टोचतो म्हणून अभियंत्यांनी ट्वीटरवर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रण अभियंता बॉब क्लिअरमाउंटन यांचे नाव या प्रथेशी जोडले जाते. कोणता कागद, किती पदरी, ट्वीटरपासून किती अंतरावर, यावर स्टुडिओंमध्ये खल चाले. बॉब होडास यांनी 1986 मध्ये वेगवेगळे कागद लावून मोजमापे घेतली. कागद उंच स्वर कमी करतो हे खरे ठरले, पण त्यावरून परतणाऱ्या तरंगांमुळे आलेखात नवे चढउतारही येतात, असे दिसले. पुढे यामाहानेच स्टुडिओंसाठी सौम्य ट्वीटरची आवृत्ती काढली. मऊ घुमट टोचला आणि धातूचा खपून गेला, यामागे द्रव्य नव्हते. प्रत्येक पट्ट्याला दिलेल्या पातळीचा हा परिणाम होता.

बीबीसीचा एलएस3/5ए हा स्पीकर आणखी एक दाखला. त्यात केईएफ कंपनीचा टी-27 हा 19 मिमी.चा प्लॅस्टिक पटलाचा ट्वीटर आहे. त्याच्याभोवती जाड नमद्याच्या पट्ट्यांची चौकट चिकटवलेली असते. ट्वीटरमधून निघालेला आवाज पेटीच्या कडांवरून परतून मूळ आवाजात मिसळू नये, म्हणून ही योजना. नमदा काढला तर ट्वीटर तोच राहतो, पण आलेख बदलतो.

रिबन : चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये काही मायक्रॉन जाडीची, चुणीदार ॲल्युमिनियमची पट्टी ताणलेली असते. वेगळी गुंडाळी नसते. विद्युत प्रवाह पट्टीतूनच वाहतो. 1920च्या दशकात जर्मनीत शॉटकी आणि गेरलाख यांनी ही कल्पना पुढे आणली. पट्टीचा रोध ओहमच्या अल्पांशाइतका असल्याने ट्रान्सफॉर्मर लागतो. उभी, अरुंद पट्टी आडव्या दिशेला आवाज छान पसरवते, वर-खाली मात्र कमी. खुर्चीत बसून ऐकलेला मोकळा स्वर उभे राहताच मंदावतो. खालच्या कंप्रतेला रिबन लवकर थकते, म्हणून क्रॉसओव्हर वर ठेवावा लागतो.

हाइल : ऑस्कर हाइल यांची रचना, 1970च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. चुण्या घातलेले पटल हवा ढकलण्याऐवजी चुण्यांमध्ये दाबून बाहेर फेकते, त्यामुळे हवेचा वेग पटलाच्या वेगाच्या कितीतरी पट होतो. 

हॉर्न : बेल लॅबोरेटरीजमधील वेन्ट आणि थुरास यांनी 1920च्या दशकात विकसित केलेल्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरला भोंगा जोडला की हा ट्वीटर होतो. एका वॉटला एक मीटरवर घुमटाकार ट्वीटर साधारण 90 डेसिबल देतो, हॉर्न त्याहून 15 डेसिबल किंवा अधिक. चित्रपटगृहे, सभा आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींसाठी म्हणूनच तो लागतो. भोंग्याचा आकार चुकला तर आवाज नाकातून आल्यासारखा होतो. चांगल्या आकाराचा हॉर्न खोलीच्या भिंतींवर कमी आवाज टाकतो, त्यामुळे स्वर जवळचा वाटतो.

स्थिरविद्युत : क्वाड कंपनीच्या ईएसएल (1957) या स्पीकरमुळे प्रसिद्ध. विकृती फार कमी.

पायझो : गुंडाळी व चुंबक नाही, स्वस्त. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.

प्लाझ्मा : विद्युत ठिणगीच हवा हलवते. ओझोन तयार होतो, म्हणून वापर विरळा.

तुलनेची पद्धत : दोन स्पीकरच्या पातळीत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा ‘स्पष्ट’ वाटतो. म्हणून कानाने नव्हे, मापकाने पातळी जुळवावी. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. समोर बसून ऐकावे, मग साधारण 30 अंश बाजूला सरकून ऐकावे. चांगला ट्वीटरही बाजूला मंद होत जातो, पण एकसारखा. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात आणि पुढे हार्मन कंपनीत पडद्याआड घेतलेल्या चाचण्यांत श्रोत्यांची पसंती समोर सपाट आणि बाजूला सुरळीत आलेख असलेल्या स्पीकरना मिळाली. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये मांडलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी त्याच स्पीकरना दिलेले गुण स्पीकर दिसत असताना बदलले; श्रोते हार्मनचेच कर्मचारी होते.

चाचणीचे संगीत : सकार ठळक असलेले गायन 5,000 ते 10,000 हर्ट्‌झमधला टोचरेपणा उघड करते. टाळ-झांज सर्वांत वरच्या पट्ट्यासाठी उपयोगी. तंबोरा विशेष कामाचा : सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवले की त्याच्या रुंद घोडीमुळे, जिथे तार छेडली तिथे निस्पंद असलेले उपस्वरही उमटतात. उपस्वरांची ही दाट मालिका सतत चालू राहते, म्हणून एका ट्वीटरवरून दुसऱ्यावर जाताना कोणता उपस्वर पुढे आला आणि कोणता मागे पडला, हे लगेच ऐकू येते.